अनुदान सातबाऱ्याला की उत्पादकाला?

शिवाजीनगर म्हटले की महाराष्ट्रातील विस्तार कार्यकर्त्याला पुण्याचे शिवाजीनगर आणि तेथील कृषी महाविद्यालय आठवते. याच नावाची एक वस्ती बंगळूर शहराच्या मध्यभागी आहे. रसेल मार्केट, बसस्थानक आणि गजबजलेली बाजारपेठ ही तिची ओळख. कर्नाटकाचे विधानसौध तेथून थोड्याच अंतरावर. या वस्तीतील चहाच्या दुकानांत आणि घराघरांत सकाळी नंदिनी दुधाच्या पिशव्या पोहोचतात. त्या दुधाच्या प्रत्येक लिटरमागे दोन रकमा खेड्यातील उत्पादकाकडे जातात. ग्राहकाने मोजलेल्या किमतीतील दूध संघामार्फत मिळणारा वाटा ही पहिली. राज्य शासनाच्या तिजोरीतून उत्पादकाच्या खात्यात थेट जमा होणारे लिटरमागे ५ रुपये ही दुसरी. या दुसऱ्या रकमेचे वैशिष्ट्य असे, की ती देताना उत्पादकाला त्याच्या जमिनीचा उतारा विचारला जात नाही. महाराष्ट्रातील शेती अनुदानांची चर्चा पुढे न्यायची असेल, तर या साध्या गोष्टीचा नीट विचार झाला पाहिजे.

कर्नाटकातील व्यवस्था

कर्नाटकात सहकारी संस्थांना दूध घालणाऱ्या उत्पादकांसाठी लिटरमागे २ रुपयांचे प्रोत्साहनधन २००८ मध्ये सुरू झाले. २०१३ मध्ये ते ४ रुपये झाले आणि २०१६ मध्ये ५ रुपयांवर गेले. 'क्षीरधारे' या नावाने ही योजना ओळखली जाते. या काळात राज्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली. योजना मात्र टिकली. एका हंगामापुरते किंवा एका आंदोलनापुरते अनुदान आणि वर्षानुवर्षे चालणारे अनुदान यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात उत्पादक पुढील वर्षाचा हिशेब मांडू शकतो, कालवड ठेवायची की विकायची हे ठरवू शकतो, वैरणीसाठी किती क्षेत्र राखायचे याचा विचार करू शकतो.

या टिकाऊपणामागे संस्थात्मक पाया आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९७४ मध्ये सुरू झालेल्या दुग्धविकास महामंडळाचे पुढे १९८४ मध्ये कर्नाटक दूध महासंघात रूपांतर झाले. गावातील प्राथमिक संस्था, जिल्हा पातळीवरील संघ आणि राज्य पातळीवरील महासंघ अशी तिची तीन पायऱ्यांची रचना आहे. गावच्या संस्थेत कोणी किती दूध घातले आणि त्याचे फॅट व एसएनएफ किती लागले, याची नोंद दररोज दोन वेळा होते. शासनाला वेगळी पाहणी करावी लागत नाही. उत्पादकाने घातलेले दूध हाच त्याच्या उत्पादक असण्याचा पुरावा ठरतो. शेतीतील इतर कोणत्याही उत्पादनाची इतकी नियमित, इतकी गावपातळीवरची आणि उत्पादकाच्या नावाने होणारी नोंद क्वचितच आढळते.

कर्नाटकातही शेतकऱ्यांच्या नोंदणीची 'फ्रूट्स' ही संगणकीय प्रणाली आहे आणि ती 'भूमी' या जमीन अभिलेखांशी जोडलेली आहे. पीकविषयक योजना त्या वाटेने जातात. दुधाचे प्रोत्साहनधन मात्र संस्थेतील दुधाच्या नोंदीवर ठरते. म्हणून एका गुंठ्याचीही मालकी नसलेल्या, बांधावरचे गवत कापून एक गाय सांभाळणाऱ्या कुटुंबापर्यंत ते पोहोचू शकते.

याचा अर्थ एका हिशेबातून स्पष्ट होतो. समजा, एका गाईपासून वेताच्या ३०० दिवसांत दररोज सरासरी १० लिटर दूध संस्थेत जाते. वेताचे ३,००० लिटर होतात आणि ५ रुपयांप्रमाणे प्रोत्साहनधन १५,००० रुपये होते. महाराष्ट्रातील जमीनधारक शेतकरी कुटुंबाला केंद्राच्या पीएम-किसान योजनेतून वर्षाला ६,००० रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी ६,००० रुपये, असे एकूण १२,००० रुपये मिळतात. या दोन्ही योजनांत भूमिहीन पशुपालकाचा वाटा शून्य आहे.

सातबारा हाच दरवाजा

पीएम-किसान योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. तिची पहिली अट लागवडीयोग्य जमीन कुटुंबाच्या नावावर असणे ही आहे. तेलंगणाची २०१८ ची रयतु बंधू योजनाही जमिनीच्या मालकीवरच उभी होती आणि कुळांना तिने बाहेर ठेवले. ओडिशाच्या कालिया योजनेने मात्र त्याच सुमारास भूमिहीन कुटुंबांना आणि वाटेकऱ्यांना आत घेतले. म्हणजे जमिनीशिवाय उत्पादक ओळखताच येत नाही, हे म्हणणे खरे नाही. ते प्रशासनाच्या सोयीचे आहे, एवढेच.

महाराष्ट्रात या सोयीची किंमत विशेष जास्त आहे, आणि त्याला इतिहास आहे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कुळांना जमिनीची मालकी मिळवून दिली. तो मोठा सामाजिक बदल होता. पण त्यानंतर नवे कूळ लागण्याच्या भीतीने जमीनमालक लेखी करार टाळू लागले. आज कोठे अर्धलीने, कोठे खंडाने, कोठे ठोक्याने, तर कोठे बटईने जमीन कसली जाते. बहुतेक ठिकाणी तोंडी बोलीवर. बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च कसणारा करतो, गारपिटीचे नुकसान तोच सोसतो. परंतु कागदोपत्री तो शेतकरीच नसतो. अनुदान शहरात राहणाऱ्या खातेदाराच्या खात्यावर जमा होते आणि त्यातील किती हिस्सा कसणाऱ्याच्या हाती पडतो, हे दोघांमधील संबंधांवर अवलंबून राहते.

स्त्रियांची स्थिती याहून वेगळी नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिती खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. खुरपणीपासून काढणीपर्यंत आणि गोठ्यातील शेणापासून धारेपर्यंत त्यांचे श्रम किती असतात, हे गावात काम करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याला आकडेवारीशिवायही ठाऊक आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमाद्वारे पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला, त्याला आता तीन दशके उलटून गेली. सातबाऱ्यावरील नावे मात्र त्या मानाने फार बदललेली नाहीत.

उत्पादनावर आधारलेली अनुदानेही महाराष्ट्रात अखेर जमिनीच्या उताऱ्यापाशीच येऊन थांबतात, याची दोन अलीकडची उदाहरणे बोलकी आहेत. २०२३ मध्ये कांद्याचे दर कोसळल्यावर शासनाने क्विंटलमागे ३५० रुपये, २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर केले. मूळ कल्पना बाजारात विकलेल्या कांद्यावर पैसे देण्याची होती आणि विक्रीची पट्टी हा पुरावा हाताशी होता. तरीही सातबाऱ्यावर कांद्याची ई-पीक पाहणीतील नोंद मागितली गेली. कांदा पिकवून विकलेल्या अनेकांकडे ती नोंद नव्हती. पुढे गावपातळीवरील समितीच्या पाहणीचा मार्ग काढावा लागला आणि त्यात वेळ गेला. दुसरे उदाहरण २०२३ च्या खरिपातील सोयाबीन व कापसासाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत दिलेल्या अर्थसाहाय्याचे. तेथे सामाईक खातेदारांची संमतीपत्रे गोळा करण्यात कृषी सहायकांचे दिवस गेले. मुंबईतील चुलत्याची आणि लग्न होऊन गेलेल्या आत्याची सही मिळेपर्यंत, प्रत्यक्ष पीक घेणारा भाऊ वाट पाहत राहिला.

आता राज्यात शेतकरी ओळख क्रमांकाची व्यवस्था आली आहे. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी हा क्रमांक बंधनकारक करण्यात आला. त्यामुळे एकाच शेतकऱ्याने प्रत्येक योजनेसाठी तीच कागदपत्रे पुन्हा देण्याचा त्रास कमी होईल, हे योग्यच आहे. परंतु हा क्रमांकही जमिनीच्या अभिलेखांशी बांधलेला आहे. सातबाऱ्याने जो बाहेर ठेवला, त्याला ही नवी व्यवस्था अधिक पक्केपणाने बाहेर ठेवेल. पूर्वी तलाठी, ग्रामसेवक किंवा कृषी सहायक यांच्या स्थानिक माहितीमुळे एखादी अडचण सुटत असे. संगणकाला अशी माहिती नसते.

महाराष्ट्राचे स्वतःचे धडे

दुधाला अनुदान देण्याचा प्रयोग महाराष्ट्राने केलेला नाही, असे नाही. जुलै २०१८ मधील दूध आंदोलनानंतर लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान जाहीर झाले. ते दूध प्रक्रिया करणाऱ्या संस्थांमार्फत द्यायचे होते आणि उत्पादकाला लिटरला २५ रुपये दर मिळावा, अशी अपेक्षा होती. म्हणजे शासनाचा पैसा आधी प्रकल्पाकडे जाणार आणि मग उत्पादकाकडे. २०२४ मध्ये या रचनेत सुधारणा झाली. गाईच्या दुधासाठी लिटरमागे ५ रुपये थेट उत्पादकाच्या आधार संलग्न खात्यात जमा करण्याचे ठरले, सहकारी संघांबरोबर खासगी प्रकल्पांचे दूधही त्यात आले, आणि प्रकल्पांनी उत्पादकाला विशिष्ट किमान दर देण्याची अट घातली गेली. जनावराच्या कानातील १२ अंकी बिल्ल्याची ऑनलाइन नोंद आवश्यक ठरली.

येथेही जमिनीचा उतारा मागितला गेला नाही, ही मोठी जमेची बाजू. पण तीन उणिवा राहिल्या. पहिली, योजना तुकड्यातुकड्यांनी आली: जानेवारी ते मार्च, मग खंड, मग पुन्हा जुलैपासून. ज्याला पुढच्या महिन्याची खात्री नाही, तो गोठ्यात गुंतवणूक करीत नाही. दुसरी, म्हशीचे दूध बाहेर राहिले. कोल्हापूरसारख्या म्हशीच्या दुधाच्या पट्ट्यातील लहान पशुपालकाला यातून काही मिळाले नाही.

तिसरी उणीव आकड्यांत लपलेली आहे. जुलै २०२४ पासून प्रकल्पांनी ३.५ फॅट व ८.५ एसएनएफच्या दुधाला ३० रुपये द्यायचे आणि शासनाने ५ रुपये द्यायचे, असे एकूण ३५ रुपये ठरले. ऑक्टोबरपासून अनुदान ७ रुपये झाले. त्याच वेळी प्रकल्पांनी द्यायचा किमान दर २८ रुपये करण्यात आला. बेरीज पुन्हा ३५ रुपयेच. शासनाचा वाटा लिटरमागे २ रुपयांनी वाढला, उत्पादकाच्या पदरात मात्र एक पैसाही अधिक पडला नाही. वाढीव रकमेने प्रकल्पाचा भार हलका केला. बाजार मंदीत असताना त्यामागे काही कारण असू शकेल. परंतु त्या वाढीव रकमेला उत्पादकाचे अनुदान म्हणता येत नाही. अनुदान कोणाच्या नावाने जाहीर झाले यापेक्षा ते अखेर कोणाकडे थांबले, हे पाहण्याची सवय शेतकऱ्यांनी आणि विस्तार यंत्रणेने लावून घेतली पाहिजे.

कर्नाटकातील उणिवा

शेजाऱ्याचे कौतुक करताना त्याच्याकडील उणिवा झाकण्याचे कारण नाही. कर्नाटकात प्रोत्साहनधन महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. पेंडीचे पैसे दुकानदाराला आज द्यायचे असतात. सहा महिन्यांनी आलेले अनुदान त्या वेळच्या उधारीचे व्याज भरून काढीत नाही. उत्पादन खर्च वाढत असताना ५ रुपयांचा आकडा २०१६ नंतर बराच काळ तेथेच राहिला. १ एप्रिल २०२५ पासून नंदिनी दुधाच्या विक्री किमतीत लिटरमागे ४ रुपयांची वाढ करून ती उत्पादकांना देण्याचा निर्णय झाला, म्हणजे वाढीव भार शिवाजीनगरच्या ग्राहकाने उचलला. शिवाय हे प्रोत्साहनधन सहकारी संस्थांना घातलेल्या दुधापुरते आहे; खासगी डेअरीला किंवा थेट घरोघरी दूध देणारा त्यात येत नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर या सीमाभागातील मराठी भाषक उत्पादकाला हे गणित दररोज मांडावे लागते. कागल किंवा चंदगडमधील त्याच्या नातलगाची गाय त्याच जातीची, वैरण तीच आणि भाषाही एक. पण शासनाकडून मिळणारी रक्कम राज्याच्या सीमेवर बदलते.

खात्याच्या नावाचा प्रश्न दोन्ही राज्यांत आहे. कर्नाटकात महिलांच्या स्वतंत्र दूध संस्था उभ्या राहिल्या, हे खरे. परंतु अन्यत्र धार काढणारी स्त्री आणि संस्थेचा सभासद तिचा पती, हेच चित्र सर्रास दिसते. सातबाऱ्याची अट नसूनही पैसा पुरुषाच्याच खात्यावर जाणार असेल, तर दरवाजा अर्धाच उघडला असे म्हणावे लागेल.

आक्षेपांचा विचार

लिटरवर अनुदान दिल्याने जास्त दूध घालणाऱ्याला जास्त लाभ होतो, हा आक्षेप रास्त आहे. पन्नास गाईंचा गोठा आणि एका गाईचे कुटुंब यांना एकच दर लावणे न्याय्य नाही. त्यावर उपाय अवघड नाही. कांद्यासाठी २०० क्विंटलची मर्यादा घालता येते, तर दुधासाठी प्रत्येक सभासदामागे रोजच्या लिटरची मर्यादा घालता येईल. दुसरा आक्षेप तिजोरीवरील भाराचा. हा भार खराच मोठा असेल. परंतु भाव कोसळल्यावर घाईने जाहीर होणाऱ्या, अटींत अडकणाऱ्या आणि अर्ध्यावर थांबणाऱ्या अनुदानांचाही खर्च होतोच, आणि त्यातून उत्पादकाला भरवसा मिळत नाही. तिसरा आक्षेप असा, की अनुदानामुळे बाजारातील दर दबतो. २०२४ च्या आकड्यांवरून तो पूर्णपणे नाकारता येत नाही. म्हणूनच किमान खरेदी दराची अट स्थिर असावी आणि अनुदान वाढले म्हणून ती खाली आणता कामा नये.

देशातील सुमारे ८६ टक्के खातेदार अल्प व अत्यल्प भूधारक आहेत आणि वहिती खात्याचे सरासरी क्षेत्र जेमतेम १.०८ हेक्टर आहे. क्षेत्रावर आधारलेले अनुदान अशा शेतकऱ्याला थोडेच देते आणि भूमिहीनाला काहीच देत नाही. पशुधनाची वाटणी जमिनीच्या वाटणीपेक्षा अधिक समान आहे, हे ग्रामीण अर्थकारणाच्या अभ्यासकांनी वारंवार सांगितले आहे. म्हणून उत्पादनाशी, विशेषतः दुधाशी, जोडलेले आणि मर्यादा घातलेले अनुदान गरीब उत्पादकाकडे अधिक सरळ जाते.

काय करता येईल?

२००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकऱ्याची व्याख्या व्यापक केली. कुळे, वाटेकरी, शेतमजूर, पशुपालक, मच्छीमार या सर्वांना त्या व्याख्येत स्थान आहे. महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये पशुसंवर्धनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या, तर पुढचे पाऊल स्वाभाविक ठरते: शेतकरी ओळख क्रमांक देताना जमिनीच्या उताऱ्याबरोबरच दूध संस्थेतील नोंद, बाजार समितीतील विक्रीची पट्टी आणि जनावराच्या बिल्ल्याची नोंद हेही पुरावे म्हणून स्वीकारले जावेत. कसणाऱ्याची नोंद झाली म्हणून त्याला कुळाचा हक्क मिळणार नाही, अशी स्पष्ट तरतूद केल्यास जमीनमालकाची भीतीही कमी होईल.

धोरण बदलण्याची वाट न पाहता गावपातळीवर करता येण्यासारखेही बरेच आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी पशुपालक मेळाव्यात खाद्य आणि लसीकरण यांबरोबर कानातील बिल्ल्याची नोंद तपासावी. विकलेल्या जनावराचा बिल्ला जुन्या मालकाच्या नावावर राहिला, तर नव्या मालकाचे अनुदान अडते. आधार, बँक खाते आणि डेअरीची वही या तिन्हींवरील नाव एकसारखे आहे का, हे पाहावे. एका अक्षराच्या फरकाने रक्कम परत जाते आणि त्याचे कारण उत्पादकाला कोणी सांगत नाही. गोठा सांभाळणाऱ्या स्त्रीच्या नावाने स्वतंत्र सभासदत्व आणि स्वतंत्र खाते उघडण्यास संस्थांना प्रवृत्त करावे.

प्रगतशील शेतकऱ्यांची जबाबदारीही कमी नाही. त्यांच्यापैकी अनेकजण गावच्या दूध संस्थांचे संचालक आहेत, अनेकजण स्वतः जमीन वाट्याने देतात. दहा दिवसांच्या बिलात दूध दर आणि शासनाचे अनुदान यांचे स्वतंत्र रकाने दाखवण्याचा ठराव संस्थेच्या सभेत मांडता येतो. दिवाळीला मिळणारा दर फरक आणि शासनाचे अनुदान यांची सरमिसळ होऊ नये, हा आग्रह धरता येतो. वाट्याने जमीन दिलेल्या शेतकऱ्याने पिकाची मदत आपल्या खात्यावर आली, तर तिच्यातील कसणाऱ्याचा हिस्सा त्याला देण्याची बोली आधीच करावी. कायद्याने ती सक्ती नाही. पण गावात शब्दाला अजून किंमत आहे.

अनुदान हा उपकार नाही, तो उत्पादनातील जोखमीत समाजाने उचललेला वाटा आहे. म्हणून ज्याने जोखीम घेतली, त्याच्याच हाती तो पडला पाहिजे. दुधाच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ रांगेत उभी राहणारी माणसे नोंदवहीत कधीपासूनच आहेत. शासनाने ती वही उघडून वाचायला हवी.